तान्हेली या शब्दाचा अर्थ

उदगीरहून सकाळच्या गाडीनं समीक्षा निघाली तेव्हा तिच्या पिशवीत एक वही, पाण्याची बाटली आणि रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा होता. काम साधं होतं. एका शब्दाची खात्री करायची, गावातल्या कुणाच्या तरी तोंडचं एक वाक्य टिपून घ्यायचं आणि तीनच्या गाडीनं परत यायचं. गाव कंधारच्या बाजूचं. त्याचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं तर ते एकटं गाव भांडायला येईल, न सांगितलं तर आजूबाजूची दहा गावं आपलंच समजून गप्प बसतील. दहा गावं गप्प बसलेली बरी.

समीक्षा मूळची नांदेडची. मराठी घेऊन एम.ए. झालेली. उदगीरला एका मंडळाच्या बोलीकोशाचं काम चाललं होतं, तिथं ती शब्द गोळा करायची. संपादक बसवराज सर. सरांनी तिला अख्खा एक विभाग देऊन टाकला होता, भुताखेतांचा. मुंजा, हडळ, जखीण, खवीस, चकवा, आसरा, शिवाय कन्नड-तेलुगू सीमेकडून आलेले देव्वा आणि दय्यम. प्रत्येक कार्डावर आधी शब्द, मग कंसात ‘काल्पनिक’, मग अर्थ, मग उदाहरण. हा सरांचा नियम. समीक्षानं एकेचाळीस कार्डांवर ‘काल्पनिक’ लिहिलं होतं आणि एकदाही तिचा हात अडखळला नव्हता. तिच्या घरात भुताला जागाच नव्हती. तिची आजी महामाया छप्पन्नच्या दीक्षेनंतर मुंजाच्या पिंपळाखाली मुद्दाम भाकरी सोडून जेवायला बसली होती, आणि पुढे नातीलाही तिथंच नेऊन जेवू घातलं होतं. समीक्षाला आठवत होती ती फक्त भाकरीवरची ठेच्याची चव.

बेचाळिसावा शब्द होता ‘तान्हेली’. कार्ड सरांनी स्वतःच्या हातानं भरून ठेवलं होतं. ‘तान्हेली (काल्पनिक) : तान्हं मूल मागे ठेवून मेलेल्या बाईचं पिशाच. व्युत्पत्ती : तान्हं.’ उदाहरणाची जागा तेवढी रिकामी होती.

वैशाखातले अकरा वाजले होते. फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालत ती गावात शिरली तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पत्रे तापून मधूनच कडकन वाजत होते. पंचायतीत कुणीतरी सांगितलं, जुन्या गोष्टी पाहिजेत तर चतुराबाईकडं जा. चतुराबाई सहासष्ट-सदुसष्टची, अंगानं काटक, ओसरीत शेंगा फोडत बसली होती. तिची सून आरती स्टीलच्या गिलासात पाणी घेऊन आली आणि समीक्षाच्या हातात दिलं.

“कुनाच्यातली गं बाई तू?” म्हातारीनं विचारलं.

“बौद्ध.”

म्हातारीची बोटं शेंगांवर क्षणभर थांबली. “असू दे, असू दे. आता काय न्हाई तसलं,” ती म्हणाली. समीक्षानं हे वाक्य आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं की तिनं गिलास रिकामा केला आणि वही उघडली.

“आजी, तान्हेली म्हणजे बाळंतिणीचं भूत ना?”

“कोन म्हनलं तुला? लेकराचा काय संबंद? तान्हेली म्हंजे तानेली. पान्याची तान.”

समीक्षाला हसू आलं. पन्नास वर्षं मराठी शिकवलेल्या सरांची व्युत्पत्ती एका वाक्यात आडवी झाली होती. तिनं मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं. “मग ती करते काय?”

“बाराच्या टायमाला आडावर बसती. पानी मागती. मनून तवा आडावर गेलं की पयलं पानी तिला वाढायचं. असा हात उंच करायचा, मान तिकडं वळवायची आन वरून धार सोडायची दगडावर. भांडं तिच्या हाताला लागू द्यायचं न्हाई बग.”

“लागलं तर काय होतं?”

“बाटतं की,” चतुराबाई म्हणाली.

समीक्षाचं पेन थांबलं. दीड वर्ष ती याच शब्दांत राहत होती. भूत लागतं, धरतं, झोंबतं, झपाटतं, मानेवर बसतं, अंगात येतं. एकेचाळीस कार्डांत भुतांची सगळी क्रियापदं तिनं गोळा केली होती. त्यात ‘बाटतं’ कुठंच नव्हतं. भुतामुळे कुणी बाटत नाही. बाटायला समोर जिवंत माणूस लागतं, आणि ते कुठल्या वस्तीतलं असावं लागतं हे समीक्षाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या कानशिलात रक्त चढलं.

“आजी,” ती सावकाश म्हणाली, “ती बाई कोण होती?”

“बाई कुठली? भूत हाय ते.”

“भुताचं भांडं बाटत नाही, आजी. कोण होती?”

म्हातारीनं शेंगांची टरफलं मुठीनं एका बाजूला सारली. आरती दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही हे नवं असावं.

“दुस्काळातलं हाय,” चतुराबाई अखेर म्हणाली. “भात्तरचं. सडकेच्या कामावर खडी फोडाय बाहेरून मान्सं आलती. त्यातली ती एक. दुपारच्याला आडावर आली. आडाचं पानी लई खाली गेलतं, दोन दोर जोडावं लागायचे. आमी सहा जनी व्हतो. ती आपली लांब, त्या दगडावर बसली, वंजळ धरून. पानी वाढा वं माय, म्हनली.”

“मग?”

“धोंडाबाई म्हनली, आदी घरचं भरू द्या. मंग ही म्हनली तू वाढ, ती म्हनली तू वाढ. घागरी भरल्या, आमी गेलो. दुसऱ्या खेपेला आलो तर तशीच. वंजळ तशीच. तिसऱ्या खेपेला बी तशीच… सांजच्याला कलंडली.”

“तुम्ही तेव्हा किती वर्षांच्या?”

“चवदा.”

“तुमच्या हातात पाणी होतं?”

“भरलेली घागर व्हती.”

“मग तुम्ही का नाही वाढलं?”

चतुराबाईनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, आणि समीक्षाला त्याचाच जास्त संताप आला. “मला कुनी वाढ म्हनलं न्हाई,” ती म्हणाली.

मग तिनं राहिलेलं सांगितलं. प्रेताला कुणी हात लावेना, म्हणून आडाचाच दोर पायाला बांधून शिवेपर्यंत ओढत नेलं. पुढच्या वर्षीपासून आडावर आवाज यायला लागला. दोघीतिघी तापानं फणफणल्या. तेव्हापासून गाव दरसाल तान्हेलीला पुरणपोळीचा निवद दाखवतं, हिरव्या बांगड्या ठेवतं. “इतकं करून बी पिच्छा सोडंना बग. लई तरास दिला तिनं गावाला.”

समीक्षा उठून उभी राहिली. ज्या बाईला मरताना ओंजळभर पाणी मिळालं नाही, तिला मेल्यावर पुरणपोळी, आणि वर त्रास कुणाला, तर गावाला! बाजूचा रिकामा गिलास तिनं उचलला, भिंतीवर फेकून मारावा असं तिला वाटलं. तिनं तो जमिनीवर ठेवला.

“तिचं नाव काय होतं?”

“तान्हेलीच म्हनत्यात सगळे.”

“मरायच्या आधी. मरायच्या आधी तिला काय म्हणायचे?”

“कुनाला ठावं,” म्हातारी म्हणाली. “कुनी इचारलंच न्हाई.”

आड गावाच्या टोकाला होता. घरोघरी नळ आल्यापासून तिकडं फारसं कुणी फिरकत नसे. समीक्षा रागाच्या भरात एकटीच तिकडं चालत गेली. दगडाचा फोटो घ्यायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बारा वाजून गेले असावेत. सूर्य इतका डोक्यावर होता की तिची सावली तिच्या पायाखालून बाहेर येत नव्हती. चिमणी नाही, वारा नाही, लांबवर कुठं इंजिनाचा आवाज नाही. तापल्या मातीचा आणि कुजलेल्या दोराचा वास तेवढा येत होता. आडाच्या काठावर दोर बांधलेली बादली पडली होती, शेजारी चेपलेला एक तांब्या. पाच हातांवर तो दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला.

तिनं फोटो घेतला. घशाला कोरड पडली होती आणि बाटली चतुराबाईच्या ओसरीतच राहिली होती. तिनं बादली आत सोडली, ओढून वर काढली, तांब्या भरला.

“पानी वाढ गं बाई…”

आवाज म्हाताऱ्या बाईचा नव्हता. पंचविशीतला असावा, पण घसा खरवडून निघालेला. समीक्षानं झटकन मागं बघितलं. दगडावर कुणी नव्हतं.

ऊन लागलं, ती स्वतःशी म्हणाली. डोक्याला रुमाल बांधायला पाहिजे होता.

“वाढ गं बाई…”

आता आवाज अगदी दगडावरूनच आला. पण मघापासूनचा संताप अजून अंगात होता आणि तो भीतीपेक्षा मोठा होता. वरून धार धरायची? मान वळवून? मी? तिनं तांब्या दोन्ही हातांत धरला, सरळ दगडापाशी गेली आणि हात पुढे केला. कमरेच्या उंचीवर, माणसानं माणसाला द्यावा तसा.

तांब्याला पलीकडून कुणीतरी धरलं. तिच्या बोटांवर बोटं आली. ती दुपारच्या पत्र्यासारखी तापलेली होती. तांब्या कलला आणि घोट घेण्याचा आवाज आला, एकामागोमाग एक, मध्ये श्वासही न घेता. पाण्याचा एक थेंब खाली पडला नाही.

“अजून.”

समीक्षानं दुसरा तांब्या दिला. तिसरा दिला. बादली संपली, तिनं दुसरी काढली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कशाचं हे तिला कळत नव्हतं. “तुमचं नाव काय?” तिनं विचारलं. “मावशी, नाव सांगा. मी लिहून ठेवते…”

“अजून.”

तिसरी बादली. चौथी. दोरानं तळहात सोलून निघाले. दगडाभोवतीची माती ठणठणीत कोरडी होती. आणि आवाज दर तांब्यागणिक बदलत होता. आधी त्यात विनवणी होती. मग नुसती घाई. आता त्यात जे होतं ते समीक्षानं मघाशी चतुराबाईच्या ओसरीत स्वतःच्या छातीत अनुभवलं होतं, पण तिचं अर्ध्या तासाचं होतं आणि हे बावन्न वर्षांचं होतं.

“अजून! अजून वाढ!”

तापलेल्या बोटांनी तिचं मनगट धरलं. समीक्षा किंचाळली, हात हिसकला आणि पळाली. नुकतीच काढलेली पाचवी बादली काठावर भरलेली तशीच राहिली. फाट्यापर्यंत ती थांबली नाही. गाडीत बसल्यावर तिनं मनगट बघितलं. चार बोटांचे लाल डाग होते. दोर घासला असेल, असं तिनं स्वतःला तीनदा सांगितलं.

आडावरचं तिनं कुणालाच सांगितलं नाही. सरांना काय सांगणार? पण चतुराबाईचं सगळं बोलणं तिनं उतरवून काढलं आणि नवं कार्ड लिहिलं. ‘तान्हेली : १९७२च्या दुष्काळात, आडावर सहा जणींनी पाणी न वाढल्यामुळे तहानेनं मेलेली मजूर स्त्री. व्युत्पत्ती : तहान.’ कंस नव्हता. ‘काल्पनिक’ नव्हतं.

बसवराज सरांनी कार्ड दोनदा वाचलं. “तहान! व्वा. तान्हं नव्हे, तहान. माझी चूक तू पकडलीस, शाब्बास,” ते मनापासून म्हणाले. मग त्यांनी लाल पेन उघडलं आणि शब्दापुढे कंस काढून आत लिहिलं, ‘काल्पनिक’.

“सर, ती बाई खरी होती.”

“तुझी भावना मला समजते गं. पण हा विभाग कसला आहे? शिवाय पुरावा काय? एका म्हातारीची आठवण. बाई कोण, कुठली, नाव काय?”

“नाव कुणी विचारलं नाही, सर. तेच तर…”

“मग झालं तर. नाव नसलेली बाई कोशात काल्पनिकच राहणार,” सर म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. “शनिवारी हा विभाग छपाईला जातोय. तोपर्यंत नाव आण. मी स्वतः कंस काढतो.”

समीक्षाला त्यांची चहाची बशी उपडी करावीशी वाटली. सर वाईट नव्हते. तिच्यासाठी त्यांनी मंडळाशी भांडण केलं होतं, तिच्या लेखाला पहिलं बक्षीस त्यांनीच मिळवून दिलं होतं. पण एका लाल कंसात ते एका बाईला दुसऱ्यांदा मारत होते आणि त्यांच्या चहाची चवसुद्धा बिघडत नव्हती. ज्या गावानं तिला पाणी दिलं नाही त्या गावालाच आता तिचं नाव विचारायचं, हा सरांच्या पुराव्याचा न्याय होता. समीक्षानं चार दिवस कंधारच्या कचेरीत आणि बांधकाम खात्यात फोन केले. बहात्तरच्या सडकेच्या हजेऱ्या कुणी ठेवल्या नव्हत्या.

शुक्रवारी दुपारी तिनं शेवटचा उपाय म्हणून पंचायतीतून नंबर मिळवला आणि आरतीला फोन लावला. सर समोरच्या खुर्चीत मुद्रितं तपासत बसले होते. त्यांनीही ऐकावं म्हणून तिनं स्पीकर चालू केला.

“ताई, बरं झालं तुमी फोन केलाव,” आरती दबक्या आवाजात म्हणाली. “आमच्या सासूबाईचं काय तरी बिघडलंय. तुमी गेलाव त्या दिसापासून. दुपार झाली की आडावर जाऊन बसत्यात, त्या दगडावर. वंजळ धरून. गिलास दिला तर घेत न्हाईत. वरून वत म्हनत्यात, वरून. डॉक्टरला दाखवलं, शुगर बी नॉर्मल हाय. कळशी कळशी वतलाव तरी तान जाईना.”

समीक्षानं तान्हेलीचं कार्ड पुढ्यात ओढलं. “आत्ता कुठं आहेत?”

“हितंच, आडावर. मी संगंच हाय.”

“त्यांच्या कानाला फोन लाव.”

सरांनी मुद्रितातून डोकं वर काढलं. फोनमधून खरखर आली. मग दीर्घ श्वास.

“आजी? मी समीक्षा. ओळखलं का?”

“लिव्ह,” आवाज म्हणाला. तो चतुराबाईचा नव्हता. “नाव लिव्ह माझं. गया. व्यंकटीची गया. भोकरकडली.”

समीक्षाचं पेन आपोआप कार्डावर चालू लागलं. गया. अक्षरं वाकडीतिकडी आली, पण आली. तिनं कार्ड सरांसमोर सरकवलं. नाव, नवऱ्याचं नाव, ठिकाण. सरांनी कंसावर पेन ठेवलं, पण खोडलं नाही. “म्हातारीला भ्रम झालाय,” ते पुटपुटले. “हा पुरावा नव्हे.”

“आईऽ,” मागून आरतीचा रडवेला आवाज आला. “आई, असं काय बोललाव…”

“लिव्हलंस का?” आवाजानं विचारलं.

“हो. लिहिलं, मावशी.”

“आता त्यांची लिव्ह. ज्यांनी वाढलं न्हाई त्यांची.” आवाज चढला नाही. शांतपणे, एकेक नाव दातांखाली धरून सोडावं तसा तो बोलत राहिला. “धोंडाबाई. नागम्मा. मथुरा. शेवंता. रुखमा. आन भरली घागर घिऊन हुभी व्हती ती चतुरा.” चतुराबाईच्याच तोंडातून तिचं नाव आलं आणि मागे आरतीनं हंबरडा फोडला.

समीक्षानं वहीत सहा नावं एकाखाली एक लिहिली. हात दुखत होता. मनगटावरचे चार डाग पुन्हा भाजायला लागले होते.

“सातवी,” आवाज म्हणाला. “भरली बादली टाकून पळाली ती. समीक्षा.”

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर रस्त्यावर कुणीतरी धान्याचं पोतं टेम्पोत टाकलं. मी चार बादल्या दिल्या होत्या, असं ओरडून सांगावं असं समीक्षाला वाटलं. मी तांब्या हातात दिला होता, वरून नाही, मी तुझ्यासाठी इथं भांडतेय! पण पाचवी बादली काठावर भरून ठेवलेली होती आणि ती ज्या तहानेसाठी काढली होती ती तशीच सोडून ती पळाली होती. तिला लाज वाटली. सहाव्या नावाखाली तिनं स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट.

“झालं?” तिनं कसंबसं विचारलं.

“न्हाई. अजून हायेत,” आवाज म्हणाला. मग जरा थांबून, अगदी जवळून, जणू टेबलाच्या कडेशी बसून विचारावं तसं त्यानं विचारलं, “तुझ्या म्होरं कोन बसलंय गं?”

सरांचं लाल पेन हातातून सुटलं. त्यांनी दोन्ही हात हलवून तिला खुणावलं, नको, नको म्हणून. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, त्यांवर कोरड्या सालपटांसारखे पापुद्रे आले होते आणि ते पुन्हा पुन्हा जिभेनं ओले करायला बघत होते. कार्डावरचा कंस तसाच होता.

समीक्षानं त्या कंसाकडं बघितलं. मग फोन तोंडाजवळ घेतला आणि सरांचं नाव सांगितलं.